मोठ्या माणसांत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, किती आढळतो? घोरणं म्हणजे तोच का?
वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. मुंबईत नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडणारे १९.५ टक्के निघाले, आणि सोबत दिवसाही झोप अनावर होणारे ७.५ टक्के.

नुसतं घोरणं म्हणजे ॲप्निया नव्हे. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद, दहा-वीस सेकंद काहीच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं होत असेल तर अजिबात टाळू नका. झोपणाऱ्याला हे सहसा कळत नाही, शेजारच्याला कळतं. डॉक्टरांकडे त्यांनाही सोबत न्या. जाड मान, वाढलेलं वजन, उच्च रक्तदाब असेल तर धोका अधिक. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हा आजार वाढतो, आणि ‘दगदग झाली असेल’ म्हणून सोडून दिला जातो, याचं फार वाईट वाटतं.