चुनखडीच्या उघड्या कातळावर एवढी फुलं कशी येतात? बेळगाव भागात असं काही आहे का?

आयर्लंडमधल्या बरेन या चुनखडीच्या भागाचा व्हिडिओ बघून तुम्ही हे विचारलंय. मी जांबोटीकडचा. बरेनबद्दल मी फक्त वाचलंय, पण कातळावरची फुलं लहानपणापासून बघत आलोय.

तिथला दगड ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि कातळ उघडा पडला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. ते चुनखडीच्या सांध्यांत शिरून दगड विरघळवत राहतं, त्यामुळे सपाट फरशीत खोल चिरा पडतात. कुठे हातभर, कुठे पुरुषभर. वर बोचरा वारा, कोरडा दगड. चिरेत मात्र सावली, ओल आणि थोडी माती. म्हणून जंगलातले नेचे तिथे आरामात वाढतात. वरच्या मातीच्या पातळ थरात निळं स्प्रिंग जेन्शियन आणि पांढरं माउंटन अ‍ॅव्हन्स फुलतं. तिथले शेतकरी गुरं हिवाळ्यात वर चरायला सोडतात, त्यामुळे वाळलेलं गवत खाल्लं जातं आणि वसंतात फुलांना उजेड मिळतो. मला तर ही गोष्ट फुलांइतकीच सुंदर वाटते.

त्या चिरांतला एक नेचा तुम्ही नक्की बघितला असणार. आपला हंसराज! काळा चकचकीत देठ, नाजूक हिरवी पानं. त्याला चुना आणि ओल दोन्ही आवडतात, म्हणून आपल्याकडे तो जुन्या विहिरींच्या चुन्यात बांधलेल्या दगडांच्या सांध्यांत सापडतो.

चुनखडी आपल्या जिल्ह्यातही आहे, यादवाडकडे, पुढे लोकापूर-बागलकोटपर्यंत. पण बर्फाने खरवडलेली तशी फरशी इथे नाही. त्याच्या तोडीचं काही बघायचं तर कणकुंबी-चोर्ल्याकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारं बघा. जांभा अगदी वेगळा दगड. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा. इथली फुलं चिरेत लपत नाहीत, पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत साठणाऱ्या बोटभर पाण्यावर जगतात. उन्हाळ्यात याच दगडावर पाय ठेववत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र सीतेची आसवं जांभळी होऊन पसरतात, मधे गेंदाचे पांढरे गोंडे, कडेला कवल्याची पिवळी फुलं. मातीत नत्र जवळजवळ नसतंच. म्हणून सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. दवबिंदू नावाचं रोपटं पानावरच्या चिकट थेंबांनी किडे पकडतं. आज्जी म्हशी घेऊन सड्यावर जायची, मी तिच्या मागे. या नाजूक देठांना असं पोट असेल हे मला फार उशिरा कळलं.

जायचं असेल तर गणपतीच्या आसपास, पाऊस उघडला की सकाळी जा. गाडी रस्त्यावरच ठेवा, कृपा करून सड्यावर चढवू नका. आमच्याकडच्या एका सड्यावर जीपची चाकोरी पडली, पाणी तिच्यातून वाहून जायला लागलं. दोन्ही बाजूंचे खळगे आता लवकर आटतात, आणि तिथे सीतेची आसवं मला गेली काही वर्षं दिसलेली नाहीत.