कंबोडियाच्या लोकांना व्हिएतनामबद्दल इतका संशय का? पोल पॉटच्या क्रूर ख्मेर रूज राजवटीपासून व्हिएतनामनेच तर सोडवलं ना?

सोडवलं, पण सैन्य लगेच परत गेलं नाही. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामने राजधानी नॉम पेन्ह घेतलं आणि फौज १९८९ पर्यंत तिथेच होती. म्हणून ७ जानेवारी कुणाला मुक्तिदिन वाटतो, तर कुणाला परक्या ताब्याची सुरुवात.

खरं दुखणं मात्र त्याहून जुनं आहे. आजच्या दक्षिण व्हिएतनाममधला मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश ख्मेर लोकांसाठी, म्हणजे कंबोडियाच्या बहुसंख्य समाजासाठी, ‘कंपुचिया क्रोम’, म्हणजे खालचा कंबोडिया. सायगावचं (आजचं हो ची मिन्ह सिटी) त्यांचं नाव प्रेय नोकोर. तेव्हाच्या वसाहतवादी फ्रेंचांनी १९४९ मध्ये हा भाग व्हिएतनामला दिला, आणि आजही तिथे लाखो ख्मेर राहतात. व्हिएतनामच्या ताब्यातल्या फू क्वॉक बेटालाही ते ‘कोह ट्राल’च म्हणतात.

त्यात १९८५ चा सीमा करार झाला तो व्हिएतनामी फौज देशात असतानाच! २००५ मध्ये त्याला पुरवणी जोडली, तेव्हा टीका करणाऱ्यांना अटक झाली. २०२४ मध्ये लाओस-व्हिएतनामसोबतच्या ‘विकास त्रिकोण’ या सीमाभागातल्या सहकार्य करारावरून ‘जमीन जाणार’ अशी ओरड झाली. सरकारने टीकाकारांना पकडलं आणि सप्टेंबरमध्ये करारातून अंगही काढून घेतलं.

माझ्या मते भीती समजण्यासारखी आहे. पण तिची झळ कंबोडियातल्या गरीब व्हिएतनामी कोळ्यांना बसते, ते वाईट.