नवीन काळी गाडी पुसायला जुना बनियन चालेल, की मायक्रोफायबरच घ्यावं लागतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाडी महिन्याभरापूर्वी घेतली, राहता धुळ्यात, घरचे म्हणतात जुन्या बनियनने पुसा, आणि दुकानदार एकासारखे एक दिसणारे दहा टॉवेल समोर टाकतो. मी जळगावचा. आमचं घर कापसावर चाललेलं, त्यामुळे मायक्रोफायबर, म्हणजे मुख्यतः पॉलिस्टरचं फडकं, पैसे देऊन आणायचं म्हणजे मला पाप वाटायचं. माझी पहिली गाडीही काळीच होती. दीड वर्ष रोज सकाळी कोरड्या बनियनने हात मारायचो. एका रात्री पेट्रोल पंपावर दिव्याखाली उभी केली, तर बॉनेटभर कोळ्याचं जाळं! ओरखडे खरं तर सगळ्या दिशांनी असतात, पण उजेड पडला की दिव्याभोवतीचेच चमकतात, म्हणून गोल दिसतात. पांढऱ्या गाडीत हे झाकून जातं, काळ्यात नाही.

यात बनियनचा दोष थोडा, धुळीचा जास्त. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण. बनियनचं कापड सपाट, कण आत घ्यायला त्यात जागाच नाही. कण कापड आणि रंगाच्या मध्ये अडकतो आणि तुम्ही तोच फिरवत बसता. मायक्रोफायबरचा धागा उभा चिरलेला असतो आणि वर लव असते, म्हणून कण लवेच्या आत जातो. पण त्यालाही मर्यादा आहे. धुळीने भरलेली गाडी कोरडी पुसली, तर हजार रुपयांचा टॉवेलसुद्धा बनियनच. पंपावर नळकांड्यात मिळणारी पिवळी शॅमी, म्हणजे पाणी टिपायचं गुळगुळीत फडकं, तशीच सपाट. पाणी छान ओढते, पण राहिलेली माती सोबत ओढत नेते.

म्हणून आधी पाणी. पाइपने वरून खाली धूळ सोडवायची, मग शाम्पू आणि लवेचा हातमोजा, दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत मोजा खळबळायला साधं पाणी. रावेर-यावलकडे शेतात गाडी नेली असेल तर काळी माती आधी भिजू द्या, घासून काढायला जाऊ नका.

आता खरेदी. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. डॅशबोर्ड आणि आतल्या कामाला 250-300 पुरे, रंगावर शेवटचा हात मारायला 350 ते 500, आणि पाणी टिपायला 800 च्या वरचा, पिळाच्या दोऱ्यांचा मोठा टॉवेल. पण आकड्यावर विश्वास ठेवू नका. 40 बाय 40 सेंटिमीटरचा टॉवेल 350 जीएसएमचा असेल तर त्याचं वजन 56 ग्रॅम भरायला हवं. मी सराफ बाजारातल्या मित्राच्या काट्यावर ठेवला तर 36 ग्रॅम! म्हणजे जेमतेम सव्वादोनशे जीएसएम. मित्र अजून हसतो, की सोन्याच्या गावात फडकं तोलून घेणारा हाच एक. तुम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. 60 बाय 90 चा हजार जीएसएमचा टॉवेल साधारण 540 ग्रॅम भरतो.

दुसरी परीक्षा आमच्या धंद्यातली. कडेचा एक धागा काढून जाळा. कापूस कागदासारखा जळतो, मागे राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मायक्रोफायबर म्हणून कापूसमिश्रित माल देणारे आहेत, ते इथे सापडतात. मिश्रण 80 टक्के पॉलिस्टर, 20 टक्के पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) असं लिहिलेलं असतं. 70-30 असेल तर पाणी थोडं जास्त धरतो. आणि थेंब टाकून बघा: धागा नीट चिरलेला नसेल तर पाणी शोषलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे ढकललं जातं. कड शिवलेली नसलेला घ्या. लेबल असेल तर कापून टाका, त्याची कडक कड मी स्वतः दारावर उमटवलेली आहे.

पुसताना घासू नका. मोठा टॉवेल छतावर पसरा, दोन कोपरे धरून हळूच ओढा, पाणी तो आपोआप घेतो. छोटा टॉवेल दोनदा घडी घातला की आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या टॉवेलने. काचेला वॉफल विणीचा, म्हणजे बारीक चौकटी-चौकटींचा पातळ टॉवेल, त्याने लव सुटत नाही. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी रंगाला लावायचा नाही, कितीही झटकला तरी. माझ्या बायकोला हे सोवळं वाटतं, असू दे.

वेळ सांभाळा. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, तापलेल्या पत्र्यावर पाणी मिनिटात उडतं आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पांढरे गोल ठिपके सोडून जातो. पहाटे सहाला, सावलीत, आणि एकेक भाग धुवून लगेच टिपायचा.

टॉवेल धुण्यात मी सगळ्यात जास्त चुका केल्या. बनियन-टॉवेलांसोबत मशीनमध्ये टाकले तर कापसाचे तंतू धरून बसले, नंतर काळ्या बॉनेटवर पिंजलेला कापूस सांडल्यासारखं दिसलं. वास चांगला यावा म्हणून सॉफ्टनर घातलं, तर धाग्यांवर मेणासारखा थर बसून ते पाणीच घेईनात. आता वेगळे, कोमट पाण्यात, पातळ डिटर्जंटने धुतो. ब्लीच नाही, इस्त्री नाही. नवे टॉवेलही एकदा धुऊन मगच वापरतो. आणि गच्चीवर वाळत घालत नाही. वैशाखातल्या एका वावटळीने धुतलेले सहाच्या सहा परत धुवायला लावले. घरात, पंख्याखाली.

सोसायटीत गाडी पुसायला येणाऱ्या पोराकडे दहा गाड्यांची माती बसलेलं एकच फडकं असतं. त्याला नको म्हणून पोटावर पाय देण्यापेक्षा तुमचे दोन टॉवेल द्या आणि आधी पाणी मारायला सांगा.

सुरुवातीला एक मोठा, चार 350 चे, एक काचेचा, एवढे बस. लव चपटी झाली की टॉवेल आत डॅशबोर्डला, तिथून चाकांना, तिथून इंजिनला. केळीचा चीक लागलेला मात्र थेट इंजिनला. तो डाग कुणाच्या बापाला निघत नाही.