आपली ड्यूटी आपणच करायची

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंटार्क्टिकावरच्या आपल्या 'मैत्री' तळावर हिवाळाभर राहणाऱ्या तुकडीत निवड झाली, वैद्यकीय चाचण्या झाल्या आणि आता तू अडली आहेस ती भांड्यांपाशी. 'काका, मी संशोधनाला चाललेय. स्वयंपाकघरात राबायचं, संडास धुवायचे, मग माझं काम कधी करायचं?' खरं सांगतो, राग आला. मग वाटलं, तुला हे कुणी सांगितलंच नसेल. अगं, तेही तुझंच काम आहे.

मी दक्षिण गंगोत्रीवर, म्हणजे आपल्या तिथल्या पहिल्या तळावर, हिवाळा काढला तो तिच्या शेवटच्या वर्षांत. 1983-84च्या तिसऱ्या मोहिमेत लष्कराच्या लोकांनी एका उन्हाळ्यात तो तळ उभा केला आणि पहिल्याच हिवाळ्यात बारा जण तिथे राहिले. पण खाली जमीन नव्हती, तरंगत्या बर्फाचा जाड थर होता. वर हिम साचत गेलं, तळ गाडला गेला. आम्ही वरून शिडीने आत उतरायचो. मे सरता सरता सूर्य गेला की जवळपास दोन महिने तोंड दाखवत नाही.

तिथे पाणी म्हणजे बर्फ. ज्याची ड्यूटी त्याने तो कापायचा, ओढत आणायचा, वितळवायच्या टाकीत टाकायचा. तोही वारा येतो त्या बाजूचा; दुसऱ्या बाजूला जनरेटरची काजळी बसलेली असते आणि ती चहात उतरते. हात इतके आखडायचे की फावडं सोडताना बोटं एकेक करून उघडावी लागत. तरी आपली ड्यूटी आपणच करायची. एकाने टाळली की दुसऱ्याच्या मनात अढी बसते आणि तिथे अढी घेऊन जायला दुसरी खोली नसते.

धुराडं साफ करणं तर त्याहून क्षुल्लक वाटेल तुला. 1934च्या हिवाळ्यात अमेरिकेचा रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकातच, रॉस हिमफलकावरच्या झोपडीत एकटा राहिला होता. शेगडीचा आणि जनरेटरचा विषारी वायू बाहेर न जाता आत कोंडून तो मरता मरता वाचला. सोबत्यांना शंका आली ती रेडिओवरच्या त्याच्या विस्कळीत संदेशांवरून. तेही वेळ ठरवून, न चुकता ऐकत बसणारं कुणीतरी होतं म्हणून.

माझे वडील गेले तेव्हा मी तिथेच होतो. निरोप रेडिओवर आला. त्यांना लिहिलेलं माझं पत्र तळावरच्या पोस्टाच्या थैलीत पडून होतं. उन्हाळ्यात जहाज येईपर्यंत ते हलणार नव्हतं. मी निरोप ऐकला आणि बर्फ आणायला वर गेलो. सोबती म्हणाले, आज राहू दे. मी ऐकलं नाही. घरी गेल्यावर थोरली बहीण म्हणाली, 'तू दगड आहेस.' अजूनही मधूनच म्हणते. खांदा देता आला नाही, ही बोच मरेपर्यंत राहील. पण बर्फ आणला त्याची नाही. मी बसून राहिलो असतो तर माझ्या वाटचा बर्फ दुसऱ्या कुणीतरी ओढला असता आणि बाबांना ते आवडलं नसतं. बहिणीला हे कधी पटवता आलं नाही. तुला तरी पटावं.

तुझी उपकरणं, तुझ्या नोंदी, सगळं होईल. बुद्धी तुला आहेच, त्याची काळजी मला नाही. पण भांडी घासायची लाज वाटत असेल तर औलीच्या बर्फातल्या प्रशिक्षणाला निघण्याआधीच गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राला कळव. तुझ्या जागी पाठवायला त्यांना वेळेत माणूस मिळायला हवा. जाणार असशील तर रविवारी घरी ये, लोकरीचे हातमोजे कसे वाळवायचे ते दाखवतो.

तुझा,
काका