खुराड्यातला दिवा : कोणत्या कोंबड्यांसाठी, केव्हा आणि किती वेळ?

प्रश्न : आमच्या परसात ग्रामप्रिया जातीच्या बारा आणि गावठी आठ कोंबड्या आहेत. पावसाळ्यात रोज दहा-बारा अंडी मिळत होती, ती दिवाळीनंतर दोन-तीनवर आली. खुराड्यात रात्रभर बल्ब चालू ठेवला की कोंबड्या पुन्हा अंड्यावर येतात, असे शेजारी सांगतात. तसे करावे का?
– एक वाचक, जुन्नर तालुका, जि. पुणे

उत्तर : रात्रभर दिवा मुळीच ठेवू नये. पहाटे काही तास दिवा लावल्याने आपल्या ग्रामप्रिया कोंबड्यांना फायदा होऊ शकेल, पण त्याआधी त्यांची अंडी नेमकी कशामुळे थांबली आहेत हे पाहावे लागेल.

कोंबडीला प्रकाश केवळ डोळ्यांनीच कळतो असे नाही. कवटीच्या पातळ हाडातून तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथील प्रकाशसंवेदी पेशी दिवस किती मोठा आहे याची नोंद घेतात. दिवस मोठा असल्याची खूण मिळाली की पियूषिका ग्रंथीतून संप्रेरके स्रवतात आणि अंडाशयातील बलक वाढीला लागतात. दिवस लहान होऊ लागला की हीच साखळी मंदावते. भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज १४ ते १६ तास प्रकाश लागतो. पुणे जिल्ह्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना संधिप्रकाशाची भर पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो जेमतेम अकरा तासांवर येतो. दिव्याने भरून काढायची तूट आहे ती एवढीच, सुमारे तीन तासांची. सोळा तासांपलीकडे प्रकाश वाढवून अंडी वाढत नाहीत. अंधारच मिळाला नाही तर पक्ष्यांना विश्रांती मिळत नाही, अंडी घालण्याच्या वेळा दिवसभर विस्कळीत होतात आणि चिडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात.

आता एकेक कोंबडी हातात घेऊन पाहावी. मानेवरची आणि पाठीवरची पिसे फुंकर घालून बाजूला केल्यावर खाली निळसर, कोवळ्या नळ्या दिसत असतील तर ती पिसे गाळून नवी आणत आहे, असे समजावे. पिसे ही जवळजवळ संपूर्ण प्रथिनांची असल्याने या काळात तिचा सारा खुराक तिकडे जातो आणि अंडी थांबणे स्वाभाविकच असते. तिला दोन-तीन महिने चांगला आहार आणि निवांतपणा द्यावा. घाईने दिवा लावून तिला अंड्यावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिसे पूर्ण आहेत, तुरा लाल व टवटवीत आहे, शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात आणि गुदद्वार ओलसर व रुंद आहे, अशी कोंबडी अंडी घालण्याच्या स्थितीत असते. तुरा सुकलेला आणि हाडांमध्ये एकच बोट मावत असेल, पण पिसे नवी व पूर्ण असतील, तर अशा कोंबडीला दिव्याचा उपयोग होतो.

गावठी कोंबड्यांविषयी फार अपेक्षा ठेवू नये. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते, कारण पंधरा-वीस अंडी घालून झाली की ती खुडूक होते आणि उबवायला बसते. हा तिचा उपजत गुण आहे. पिल्ले काढायची असतील तर तो मोलाचाही आहे, आणि दिव्याने तो जात नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया अंड्यांसाठीच निवडलेली असल्याने तिच्यासाठी केलेला खर्च वसूल होऊ शकतो.

दिवा संध्याकाळी न लावता पहाटे लावावा, हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. संध्याकाळचा दिवा एकदम बंद झाला तर जमिनीवर असलेल्या कोंबड्यांना अंधारात बसण्याची दांडी सापडत नाही. त्या कोपऱ्यात एकमेकींवर गर्दी करतात आणि मुंगूस किंवा मांजराच्या तावडीत सापडतात. पहाटे दिवा लावला तर उजेड सूर्यप्रकाशात मिसळून जातो आणि संध्याकाळ नैसर्गिकपणे, हळूहळू होते. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून १४ तासांच्या हिशेबाने पहाटे चारला दिवा लागावा आणि उजाडल्यावर बंद व्हावा. मात्र पहिल्याच दिवशी चारला सुरुवात करू नये. सूर्योदयाच्या थोडे आधी सुरू करून दर आठवड्याला अर्धा तास मागे यावे. पुढे मार्चपासून सूर्यास्त लांबत जाईल तसतशी दिवा लागण्याची वेळ उशिरा करत न्यावी, म्हणजे एकूण १४ तास कायम राहतील आणि जूनमध्ये दिव्याची गरज आपोआप संपेल. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर, दिवस बारा तासांखाली जाण्याच्या बेतात असतानाच सुरुवात करावी.

यात सातत्याला सर्वाधिक महत्त्व आहे. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा प्रकाश अचानक तीन-चार दिवस तुटला तर ती भर थंडीत पिसे गाळू लागते, आणि हे नुकसान दिवा न लावण्यापेक्षा मोठे असते. म्हणून माणसाच्या आठवणीवर विसंबू नये, टायमर बसवावा. ग्रामीण भागात वीज जाते-येते, त्यामुळे साधा फिरत्या तबकडीचा टायमर तेवढ्या वेळेने मागे पडतो. आत स्वतःची बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ चुकवत नाही. पहाटे नेमाने भारनियमन होत असेल तर बॅटरीवर चालणारा सौर दिवा घ्यावा.

वीस कोंबड्यांच्या खुराड्यात पिवळसर प्रकाशाचा तीन ते पाच वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र धरून ते वाचता आले म्हणजे उजेड पुरेसा आहे. खाद्याच्या भांड्यावर आणि दांडीवर उजेड पडावा, अंडी घालण्याच्या पेट्यांत मात्र अंधारच असावा. बल्बवर धूळ साचते, ती आठवड्याला पुसावी. वायर उंदरांच्या तोंडी लागणार नाही अशी नळीतून न्यावी, कारण खाली भाताचे कोरडे तूस पसरलेले असते.

एवढे करूनही केवळ बाजरी आणि तांदळाची कणी खाणारी कोंबडी अंडी देणार नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि धान्यात ते नसल्यासारखेच असते. प्रत्येक ग्रामप्रिया कोंबडीला रोज सुमारे ११० ग्रॅम लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य) द्यावा. कवच मुख्यतः रात्री तयार होत असल्याने शिंपल्याचा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवावा. दिवा लागल्याबरोबर स्वच्छ पाणी आणि खाद्य समोर असले पाहिजे.

प्रश्न : माझ्याकडे तीन महिन्यांच्या वीस तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आहेत. आतापासून दिवा लावला तर त्या लवकर अंड्यावर येतील का?
– एक वाचक भगिनी, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : येतील, आणि म्हणूनच तसे करू नये. शरीराची वाढ पूर्ण होण्याआधी तलंग अंड्यावर आली तर अंडी लहान राहतात आणि अंडे बाहेर टाकताना अंडनलिकेचा भाग बाहेर येण्याचा धोका वाढतो. तो लाल भाग दिसताच इतर कोंबड्या त्यावर चोची मारतात आणि ती तलंग बहुधा वाचत नाही. पहिली अंडी दिसू लागेपर्यंत त्यांना नैसर्गिक उजेडातच वाढू द्यावे आणि त्यानंतर आठवड्याला अर्ध्या तासाने प्रकाश वाढवावा. मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात दिवा असेल तर तलंगांची सोय त्याचा उजेड पोहोचणार नाही अशा वेगळ्या जागी करावी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत सहा कोंबड्या पाळल्या आहेत. हिवाळ्यात अंडी बंद होतात आणि थंडीही कडक असते. उष्णता देणारा मोठा लाल दिवा लावला तर दोन्ही कामे होतील का?
– एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर : उजेड आणि ऊब या दोन गरजा वेगळ्या ठेवाव्यात. पूर्ण पिसांची प्रौढ कोंबडी शून्याखालची थंडीही सोसते. तिला बाधतो तो ओलावा आणि अंगावर येणारा झोत. खुराडे कोरडे ठेवावे आणि दमट हवा वरच्या झरोक्यातून बाहेर जाऊ द्यावी, कारण तुरे गारठून काळे पडतात ते बहुधा कोंदट दमटपणामुळे. अडीचशे वॅटचा तापणारा दिवा कोरड्या भुशावर पडून खुराडी जळण्याच्या घटना तिकडे घडत असतात, म्हणून तो टाळावा.

प्रकाशाची तूट न्यू जर्सीत खरोखर मोठी आहे, कारण डिसेंबरमध्ये तेथील दिवस सव्वानऊ तासांच्या आसपास असतो आणि साडेचारलाच सूर्य मावळतो. १४ तास भरायचे तर दिवा पहाटे अडीचला लागेल. वसंतात जन्मलेल्या तलंगा पहिल्या हिवाळ्यात बहुधा दिव्यावाचूनही अंडी देतात. जुन्या कोंबड्यांना मात्र, घरापुरतीच अंडी हवी असतील तर, हे तीन महिने विश्रांती द्यावी असे मी सुचवेन. फेब्रुवारीत दिवस वाढू लागला की त्या आपणहून पुन्हा अंड्यावर येतात.