मामांच्या रिपोर्टमधली दोन नावं

तुमच्या मामांच्या रिपोर्टमधल्या ओळी तुम्ही दिल्यात: डाव्या नाकपुडीतली गाठ, 'स्मॉल राउंड सेल ट्यूमर', पुढे 'ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा की न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा?' आणि शेवटी 'आयएचसी करावी' (म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंग चढवून दाखवणारी तपासणी). लॅबला कळलं नाही का, असं विचारताय. उलट कळलंय, म्हणूनच एक नाव ठोकून दिलेलं नाही. 31 वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय, तरी नाकातल्या या गाठी समोर आल्या की मी अजून सावरून बसतो.

साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर या सगळ्या एकमेकींसारख्या दिसतात. मोहरी सांडावी तशा लहान, गोल, गडद पेशी. दुसरे कॅन्सरही असेच: लिम्फोमा तसाच, युईंग सार्कोमा तसाच, कधी मेलॅनोमाही तसाच. त्यात नाकातली बायॉप्सी म्हणजे चिमट्याने तोडलेला तांदळाएवढा तुकडा. चिमट्यात पेशी चिरडल्या की त्यांची केंद्रकं ओल्या शाईवर बोट फिरल्यासारखी फासली जातात. तेवढ्यावरून कुणी छातीठोक नाव सांगत असेल तर जरा जपून.

ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा वास घेणाऱ्या अस्तरातून उगवतो, म्हणजे नाकाच्या छताशी, मेंदूखालच्या चाळणीसारख्या हाडाला लागून. त्यामुळे गाठीचा उगम छताशी आहे की खाली, हे एमआरआयवरून पॅथॉलॉजिस्टला कळवायलाच हवं. या गाठीत पेशी पुंजक्यांनी बसतात आणि त्यांच्यामध्ये बारीक धाग्यांचं जाळं असतं. आयएचसीतला एस-100 नावाच्या प्रथिनाचा रंग चढवला की पुंजक्याच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, मधूनमधून तुटलेली. ती दिसली की जिवात जीव येतो. गोम अशी की गाठ वरच्या ग्रेडची, म्हणजे पेशी जास्त बिघडलेल्या, असेल तर नेमकी हीच रेघ विरळ होते.

दुसरं नाव न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. त्याच्या स्मॉल सेल प्रकारात केराटिन (अस्तराच्या पेशींतलं प्रथिन) पॉझिटिव्ह येतं, पुष्कळदा केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखं. न्यूरोब्लास्टोमात ते बहुधा नसतं, असलं तर तुरळक. कार्सिनोमात पेशी झपाट्याने दुभंगत असतात: 2 चौरस मिलिमीटरमध्ये 10 पेक्षा जास्त विभाजनं, केआय-67 (वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण) 20 टक्क्यांच्या वर, बरेचदा कितीतरी वर, आणि मध्ये मेलेल्या पेशींचे पट्टे.

आता एक सावधगिरी. आयएचसीच्या रिपोर्टात 'सिनॅप्टोफायसिन (मज्जापेशींसारख्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह' वाचून निकाल लागला असं समजू नका. ते दोन्हींत पॉझिटिव्ह येतं. एवढंच काय, स्नायूंच्या जातीच्या ऱ्हॅब्डोमायोसार्कोमातही येऊ शकतं. मी हे पोळून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुण पेशंटची स्लाइड सिनॅप्टोफायसिनवर भरवसा ठेवून न्यूरोब्लास्टोमा म्हणून सही करून दिली. डेस्मिन, म्हणजे स्नायूंच्या पेशींची खूण, लावलंच नाही. दुसरीकडे स्लाइड फेरतपासणीला गेल्या, डेस्मिन आणि मायोजेनिन या स्नायूंच्या दोन्ही खुणा लख्ख पॉझिटिव्ह आल्या, म्हणजे ती गाठ ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा होती. नशिबाने उपचार सुरू व्हायचे होते. तेव्हापासून नाकातल्या अशा लहान गडद पेशींना डेस्मिन लावल्याशिवाय माझी सही होत नाही.

नावाचा एवढा घोळ का घालायचा, तर पुढची वाट नावावर ठरते. न्यूरोब्लास्टोमात शक्य असेल तर आधी ऑपरेशन, मग बहुधा रेडिएशन. स्मॉल सेल कार्सिनोमात केमोला फार मोठं स्थान. शिवाय न्यूरोब्लास्टोमा 10 वर्षांनीही परत डोकं वर काढतो, मानेतल्या लसीका ग्रंथींतही, म्हणून तपासण्या जन्मभर. रिपोर्टात हायम्स ग्रेड (1 ते 4) दिसेल, तो पेशींवरून. केडिश स्टेज मात्र गाठ कुठवर पसरलीय त्यावरून ठरते, ती स्कॅन पाहून डॉक्टर सांगतील. दोन्हींची गल्लत करू नका.

वर्षभर 'घोळणा फुटतो, उष्णता असेल' म्हणून काढलं, याचा दोष मामींना देऊ नका. एकाच नाकपुडीतून रक्त आणि तीच बंद, हे दुखणं दुर्बिणीने बघायचं असतं, हे घरातल्यांना कुठून कळणार?

आता कामाचं. लॅबकडून मेणाचा ब्लॉक (बायॉप्सीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी) आणि मूळ स्लाइड मागा, नुसता कागद नको. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉक तपासून मत देतात. केराटिन, एस-100 आणि डेस्मिन यादीत आहेत का, एवढं विचारा. तुकडा पुरत नाही म्हणाले तर पुन्हा बायॉप्सीला नाही म्हणू नका. आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.