हातातलं प्रायमिंग टूल वेगळं घ्यावं का, की प्रेसवरची सोय पुरते?

तुमचा प्रश्न असा: ओहायोत राहता, सिंगल स्टेज प्रेसवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या दाबयंत्रावर) .223 आणि 9 मिमी काडतुसं रिलोड करायला, म्हणजे वापरलेली पितळी कवचं (केस) पुन्हा भरायला घेतलंय, प्रेसला प्रायमिंगचा दांडा आहेच, मग हातातल्या टूलवर वेगळे पैसे का घालायचे आणि घालायचेच तर कोणतं घ्यावं.

घ्या. कुठलं त्यावर पुढे बोलू. "प्रेसवर होतं की, हातात घेऊन बसणं म्हणजे वेळ वाया" हे वाक्य मी रेंजवर इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर आधी देतो.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी, पावडर पेटवणारी एक पितळी वाटी, तिच्या तळाला स्फोटक मिश्रणाचा थर आणि त्यावर बसवलेली बारीक ऐरण. ऐरणीचे पाय वाटीच्या काठाबाहेर किंचित डोकावतात. केसच्या पॉकेटमध्ये, म्हणजे बुडातल्या खळग्यात, प्रायमर ढकलला की आधी हे पाय तळाला टेकतात. त्यानंतर आणखी दोन-चार थाऊ, म्हणजे इंचाचे दोन-चार हजारांश, दाबलं की ऐरण मिश्रणावर घट्ट बसते. फायरिंग पिनचा (बंदुकीतल्या ठोका देणाऱ्या खिळ्याचा) ठोका नेमका कामी येतो तो या शेवटच्या दाबामुळे. पाय टेकलेच नसतील, तर पहिल्या ठोक्याची ताकद प्रायमर खाली सरकवण्यातच खर्च होते. गोळी उडत नाही. दुसऱ्या ठोक्याला उडते, आणि माणूस म्हणतो, "प्रायमर कडक निघाले."

याच वाक्यावरून आमच्या रेंजवर वाद झाला होता. .308 ची 60 काडतुसं, केस लेक सिटी या अमेरिकी कारखान्याच्या लष्करी, एकदा वापरलेल्या, प्रायमर प्रेसवर बसवलेले. बोल्ट रायफलमधून 22 झाडली, त्यांत 7 पहिल्या ठोक्याला गप्प. सहा दुसऱ्याला उडाली, एक शेवटपर्यंत उडालीच नाही. लोड करणाऱ्याचं ठाम मत: प्रायमरचा लॉट खराब. मी उरलेली 38 काचेच्या तुकड्यावर बुडावर उभी केली आणि एकेक बोटाने हलकेच फिरवली. प्रायमर खोल असेल तर केस काठावर स्थिर उभी राहते. वर आलेला असेल तर भोवऱ्यासारखी मध्यावर फिरते आणि डुलते. 11 डुलली.

बाकीची डेप्थ गेजने मोजली. कुठे बुडाच्या खाली चार थाऊ, कुठे दोन, कुठे अगदी सपाट. एकाच प्रेसवर, एकाच हाताने, एकाच बैठकीत. लॉट खराब असता तर खोली अशी वेडीवाकडी का आली असती?

कारण पितळेत होतं. लष्करी केसमध्ये प्रायमर जागेवर राहावा म्हणून पॉकेटच्या तोंडाशी धातू आत वळवलेला असतो, तो क्रिंप. जुना प्रायमर काढला तरी ती कडा उरतेच. ती रीमरने कापावी लागते किंवा स्वेजरने दाबून मागे सारावी लागते. इथे स्वेज केलं होतं, पण स्वेजरची दांडी सगळ्या केससाठी एकाच ठिकाणी पक्की करून. बुडाची आतली जाडी केसगणिक थोडी कमी-जास्त असते, त्यामुळे काहींत कडा गेली, काहींत अर्धी राहिली. अर्ध्या राहिलेल्या कडेवरून प्रायमर घुसताना वाटीचा काठ सोलला जातो. गोळ्या काढल्यावर दोन केसच्या पॉकेटच्या तोंडाशी भिंगातून चंद्रकोरीसारखी पितळेची चकचकीत किस दिसली. प्रायमरही तिरका बसलेला, एका बाजूला खोल, एका बाजूला वर.

प्रेसचा दांडा लांब असतो आणि रॅमची (केस वर-खाली नेणाऱ्या दांड्याची) यंत्रणा हाताची ताकद कितीतरी पटीने वाढवते. कडेला अडलेला प्रायमर आणि तळाला टेकलेला प्रायमर, दोन्ही तळहाताला सारखेच लागतात. हातातल्या टूलमध्ये दांडा छोटा, अंगठ्याखाली किंवा मुठीत असतो. तिथे फरक स्पष्ट कळतो. चांगल्या पॉकेटमध्ये प्रायमर आधी सारख्या, मऊ अडथळ्याने सरकतो, मग अचानक टणक तळ लागतो. क्रिंप उरला असेल तर अडथळा सुरुवातीलाच, तोंडाशीच लागतो. त्याच क्षणी थांबायचं. केस बाजूला, पॉकेट पुन्हा रीम. पॉकेटमध्ये काजळीचा थर असेल तर तळ लवकर लागतो आणि रबरासारखा वाटतो. आणि प्रायमर लोण्यासारखा आत गेला, काहीच अडथळा नाही, तर पॉकेट सैल झालंय. ती केस प्रायमरसकट वेगळी ठेवा, भरू नका. जोराच्या लोडवर .223 च्या केसचं पॉकेट बहुधा नेक, म्हणजे गोळी धरणारी मान, फुटण्याच्या आधी सैल होतं, आणि ते फक्त हाताला कळतं, डोळ्याला नाही.

हे टूल वेळ वाचवायला नाही. प्रत्येक केसची तपासणी याच एका टप्प्यावर आपोआप होते, म्हणून ते हवं.

तुमच्या दोन्ही कॅलिबरना छोटा प्रायमर लागतो, व्यास .175 इंच. .223 ला स्मॉल रायफल, 9 मिमीला स्मॉल पिस्टल. व्यास एकच, उंचीही जवळपास तीच, म्हणून ट्रेमध्ये एकमेकांत मिसळले तर टूल काही सांगणार नाही. पिस्टल प्रायमरची वाटी पातळ असते, .223 च्या दाबाला ती फुटू शकते. एका वेळी बाकावर एकच डबी. पुढे .45 घेतलंत तर लक्षात ठेवा, त्यात काही केस छोट्या पॉकेटच्या निघतात, मोठ्याच्या ढिगात मिसळून येतात आणि .210 चा प्रायमर अडला की नवखा माणूस जोर लावतो. तिथे जोर लावायचा नसतो.

छोट्या पॉकेटची खोली साधारण .117 ते .123 इंच चालते. सहा थाऊंचा फरक कारखान्यातूनच. त्यामुळे ठराविक खोलीवर थांबणारा स्टॉप सगळ्यांना सारखा न्याय देत नाही. काही नव्या टूलना क्लिक-क्लिक करत खोली ठरवायची चकती असते. चकती चांगली, पण ती थोडी जास्त खोल लावा आणि तळ हातानेच शोधा. शेवटी बुडाच्या खाली तीन ते पाच थाऊ आलं की उत्तम. नखाचं टोक बुडावरून फिरवलं तर प्रायमरपाशी बारीकशी पायरी उतरल्यासारखी लागायला हवी. उलट चढ लागला तर काम चुकलं.

पद्धत फार मोठी नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा, केसला लावायच्या वंगणाचं (केस ल्यूबचं) बोट प्रायमरला लागता कामा नये. ट्रेमध्ये डबी ओता, ट्रेच्या खाचांवर हलकेच गोल हलवा, सगळे एकाच तोंडाने पलटतात. ऐरण वर, चकचकीत वाटी खाली. एखादा उलटा राहिला तर प्लास्टिकच्या चिमट्याने पलटा. झाकण लावा. केस तिचं बूड धरणाऱ्या शेल होल्डरमध्ये पूर्ण आत सरकवा, टूल थोडं तिरकं धरा म्हणजे प्रायमर पंचवर (त्याला आत ढकलणाऱ्या दांडीवर) घरंगळतो, एका सलग दाबात बसवा. मग केस अर्धा वळसा फिरवून पुन्हा हलका दाब द्या, म्हणजे तिरका बसला असेल तर सरळ होतो. पन्नास झाले की हात सोडा. थकलेल्या अंगठ्याला तळ कळत नाही.

प्रायमर पंचवर आडवा झाला तर दाबू नका. ट्रे आधी टूलपासून काढा, मग तो एक प्रायमर बाहेर काढा. एका प्रायमरचा आवाज कानठळ्या बसवतो, पण शंभरांची ट्रे एकदम उडाली तर हात जातो. म्हणूनच ट्रे आणि पंच यांच्यामध्ये आडपडदा असलेलं टूल घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आरसीबीएस कंपनीच्या हातातल्या टूलला तसं गेट असतं. ली कंपनीच्या जुन्या गोल ट्रेच्या ऑटो प्राइमबरोबरच्या सूचनेत फक्त सीसीआय आणि विंचेस्टर प्रायमर वापरा असं छापलेलं असे, कारण फेडरलचे प्रायमर जास्त नाजूक. तसं जुनं टूल कुणी फुकट देत असेल तर ती मर्यादा पाळा. शेल होल्डरचंही बघून घ्या: लीच्या हातातल्या टूलला त्यांचेच पातळ होल्डर लागतात, .223 ला 4 नंबर, 9 मिमीला 19. आरसीबीएसला प्रेसचेच चालतात, .223 ला 10, 9 मिमीला 16. होल्डर न लागणारं, जबडा असलेलं मॉडेलही मिळतं. हात लहान असेल तर दुकानात मुठीत धरून बघा, यात माझ्या हाताचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

आता त्या .308 च्या काडतुसांचं काय केलं तेही सांगतो, कारण लोक इथेच भलतं करतात. भरलेल्या काडतुसाचा वर आलेला प्रायमर पुन्हा दाबून बसवू नका. कधीच नाही. पुढे पावडर आणि गोळी आहे आणि ते सगळं तुमच्या हातात आहे. आपटून गोळी काढायचा हातोडाही अशा काडतुसांना नको. कोलेट पुलरने (गोळी पकडून ओढणाऱ्या चिमट्याने) प्रेसवर सावकाश गोळी काढायची, पावडर ओतून घ्यायची, मग रिकाम्या केसमध्ये चष्मा लावून हातातल्या टूलने हळू दाबायचं. काठ सोललेले प्रायमर दाबायचेही नाहीत. त्या केस रिकाम्याच रेंजवर रायफलमध्ये घालून, नळी बर्मकडे (मातीच्या बांधाकडे) रोखून, ट्रिगर दाबून प्रायमर उडवले आणि मगच डिकॅप केले, म्हणजे बाहेर काढले. सपाट बसलेले दाबल्यावर दोन-तीन थाऊ खाली गेले. त्याच लॉटचे, त्याच रायफलमध्ये, सगळे पहिल्या ठोक्याला उडाले. म्हणजे लॉट खराब नव्हता.

नशीब एवढंच की रायफल बोल्टची होती. तुमचं .223 एआर-15 या सेमी ऑटो रायफलसाठी असेल तर तिची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती दर वेळी प्रायमरवर हलकी खूण उमटवते. वर आलेला, नाजूक वाटीचा प्रायमर तिथे ट्रिगरशिवाय उडू शकतो. सीसीआयचा 41 नंबर लष्करी धर्तीचा, कमी संवेदनशील, एआरला मी तोच सुचवेन. .308 च्या सेमी ऑटोला किंवा गॅरँड या जुन्या लष्करी रायफलला 34 नंबर.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. चष्मा घालूनच बसा, कानात प्लग असले तर चांगलंच. ओहायोच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या तळघरात गालिचावर चालून आलात की बोटाला ठिणगी बसते. ट्रेला हात लावायच्या आधी प्रेसच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. पावडरची उघडी बाटली त्या बाकावर नको. प्रायमर मूळ डबीतच ठेवा, काचेच्या बरणीत ओतून कधीही नाही. घरात ठेवण्याची एनएफपीए 495 ची (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमावलीची) मर्यादा 10,000 प्रायमरची आहे. ट्रे आणि पंच दर काही शेकड्यांनी कोरड्या फडक्याने पुसा, त्या धुळीत शिसं असतं, नंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

आणि भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: वरचं सगळं अमेरिकेतलं आहे, जिथे स्वतःपुरतं रिलोड करायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 खाली बसत नाही, त्यामुळे सुट्टीत घरी येताना बॅगेत रिकामी केससुद्धा राहिलेली नाही ना, हे निघण्याआधी तपासा.